वाचकांचे प्रश्न: स्लो कुकरमधला लो-कार्ब चॉकलेट केक

या वेळी आलेल्या पत्रांत केकचीच पत्रं जास्त आहेत, आणि त्यातही साखर आणि मैदा नसलेल्या केकची. घरात कुणाला तरी डायबिटीस आहे आणि वाढदिवसाला त्या माणसाने नुसतं टाळ्या वाजवत बसावं हे कुणालाच बरं वाटत नाही, मलाही नाही वाटत, म्हणून या वेळचं सगळं पान याच विषयाला.

प्रश्न: ताई नमस्कार, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, सासऱ्यांना डायबिटीस आहे आणि जुलैमध्ये त्यांची पंचाहत्तरी. उन्हाळ्यात ओव्हन लावला की घर तापतं आणि त्या दिवशी ओव्हनमध्ये बाकीचं काय काय असणारच, म्हणून आधीच एकदा बदामाच्या पिठाचा चॉकलेट केक स्लो कुकरमध्ये करून बघितला. कडा काळ्या आणि कडक झाल्या, मधे खड्डा पडला आणि वरचा भाग ओला गिच्च. चव मात्र सगळ्यांना आवडली. काय चुकतंय?
— एक वाचक, एडिसन

उत्तर: चव जमली म्हणजे अवघड काम झालंय, बाकी सगळं भांड्याचं आहे. स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, तो ओव्हन नाही हे आधी पक्कं धरायचं. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट मिळालं १९४० मध्ये, त्यांची आई लिथुआनियातल्या आठवणी सांगायची की शब्बाथच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी कडधान्याच्या रश्श्याचं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचे आणि ते रात्रभर शिजायचं, त्यावरून त्यांना ते सुचलं. पुढे १९७१ मध्ये ते क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं. म्हणजे मुळात ही वस्तू रसदार पदार्थासाठी, झाकण लावून वाफ आत कोंडायची, पाणी आटू द्यायचं नाही. केकला नेमकं हेच नडतं. वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते थेंब थेंब केकवर पडत राहतं, तुमचा वरचा गिच्च भाग तो हाच.

उपाय सोपा आहे. ढोकळ्याच्या वेळी झाकणाला फडकं बांधतो ना, तसंच एक जाड सुती नॅपकिन दुहेरी करून झाकणाखाली ताणून लावा आणि चारही टोकं वर घेऊन मुठीला गाठ मारा. टोकं खाली लोंबून बाहेरच्या गरम भागाला टेकता कामा नयेत, हे नीट बघा.

आता काळ्या कडा. बहुतेक स्लो कुकरमध्ये तापणारी तार भांड्याच्या बाजूंना गुंडाळलेली असते, त्यामुळे कडा आधी शिजतात आणि मधला भाग सगळ्यात शेवटी, आणि तुमच्याकडे जर ६ क्वार्टचं मोठं भांडं असेल आणि त्यात केकचा थर पातळ असेल तर चिनीमातीची भिंत फारच तापते कारण तिची उष्णता ओढून घ्यायला आत पुरेसं काही नसतं. म्हणून कायम लो वरच ठेवायचं, हाय वर नको, आणि अर्ध्या वेळेनंतर झाकण न उघडता आतलं भांडं हातमोजे घालून अर्धं फिरवायचं कारण बऱ्याच कुकरची एक बाजू जास्त तापते. झाकण उघडून बघायचा मोह आवरा, एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि मधला खड्डा बऱ्याचदा त्यानेच पडतो.

प्रमाण देते, अमेरिकन कपाने. बदामाचं बारीक पीठ दीड कप म्हणजे साधारण १५० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर अर्धा कप म्हणजे ४० ग्रॅम, दळलेलं एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी घालायची गोड पावडर) पाऊण कप, बेकिंग पावडर २ टीस्पून, मीठ पाव टीस्पून, वितळवलेलं बटर ८५ ग्रॅम, अंडी ४, दूध अर्धा कप, व्हॅनिला १ टीस्पून आणि चमचाभर इन्स्टंट कॉफी. कॉफीची चव लागत नाही पण कोको खुलतो, ती सोडू नका. बदामाच्या पिठात ग्लुटेन नसतं म्हणून केकला उभं धरायचं काम अंड्यांचं, तेव्हा अंडी फ्रीजमधून आधी बाहेर काढून ठेवा आणि चांगली फेटा. साधी व्हे प्रोटीन पावडर असेल तर ३ टेबलस्पून घाला, केक बसत नाही.

भांड्याला बटर लावून तळाला बटर पेपर आणि त्याच्याखाली पेपरच्या दोन लांब पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या टाका, म्हणजे नंतर केक उचलून काढता येतो. सव्वादोन तासांनी पहिल्यांदा बघा. कडा भिंतीपासून सुटल्या आणि मधे टोचलेल्या काडीला ओलं पीठ न लागता दोन-चार ओलसर कण लागले की झालं. लगेच बंद करून आतलं भांडं बाहेर काढा. बाहेर काढायचं विसरू नका, चिनीमाती बराच वेळ गरम राहते आणि केक आतल्या आत शिजत राहतो. अर्धा तास झाकण न ठेवता निवू द्या.

वर तांबूस रंग येणार नाही. तो रंग यायला साधारण १४० अंशांच्या वरची कोरडी उष्णता लागते आणि इथे केकवर सगळी वाफ, शंभराच्या आसपासची. पण कोकोच्या रंगात ते दिसतच नाही, आणि बदामाचं पीठ ओव्हनमध्ये पटकन कोरडं पडतं ते इथे छान मऊ राहतं. म्हणूनच मला हा केक स्लो कुकरमध्येच जास्त आवडतो, ओव्हन रिकामा असला तरी.

आता सासऱ्यांसाठीचा हिशेब. वरच्या प्रमाणात तंतू (फायबर) आणि एरिथ्रिटॉल वजा केलं तर अख्ख्या केकमध्ये साधारण ३०-३५ ग्रॅम कार्ब्ज उरतात, दहा तुकडे केले तर एकात तीन-साडेतीन. तेवढाच मैदा आणि एक कप साखर घालून केला असता तर एका तुकड्यात ३० च्या वर गेले असते. कॅलरी मात्र कमी नाहीत, बदाम आणि बटरमुळे तुकडा १९० च्या आसपास जातो, तेव्हा एकच तुकडा. आणि ते इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असतील तर त्यांचा डोस नेहमीच्या जेवणाच्या हिशेबाने ठरलेला असतो, वाढदिवसाला पोळी-भात पण कमी करून वर हा केक असं काही ठरवलं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. साखर एकदम खाली गेली तर ते जास्त वाईट.

प्रश्न: एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया, शुगर-फ्री, मॉन्क फ्रूट, दुकानात उभं राहिलं की डोकं फिरतं. नक्की कुठलं घ्यायचं? आणि एरिथ्रिटॉल हृदयाला वाईट असं वाचलं ते खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूच नका, पाकीट उलटं करा. कप-कपाने मोजायच्या पावडरींमध्ये भर म्हणून बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) असतं आणि ते रक्तातली साखर चढवतं. माल्टिटॉल (शुगर-फ्री पदार्थांत घालतात ते) पण चढवतं, साखरेपेक्षा कमी पण चढवतं, आणि जास्त झालं तर पोट बिघडतं. अ‍ॅस्पार्टेमच्या गोळ्या चहाला ठीक पण तास-दोन तासांच्या उष्णतेत त्यांची गोडी जाते, केकला उपयोग नाही.

एरिथ्रिटॉल साखरेच्या साधारण ७० टक्के गोड, साखर चढवत नाही, जिभेला जरा थंड लागतं आणि दाणेदारच घातलं तर केक गार झाल्यावर दाताखाली कचकचतं, म्हणून मिक्सरला दळून घ्यायचं. अमेरिकेत अ‍ॅल्युलोज मिळतं, त्याने केक आणखी मऊ होतो पण कडा लवकर काळ्या पडतात, तेव्हा ते घातलं तर वीस मिनिटं आधीच बघायला लागा.

हृदयाचं म्हणाल तर २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, एकामुळे दुसरी झाली असं त्याने सिद्ध होत नाही, पण घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर मी तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालणार नाही. त्यांच्यासाठी शुद्ध स्टीव्हिया, अगदी चिमूटभर, जास्त झालं की कडू लागतं. आणि हो, स्टीव्हिया आणि मॉन्क फ्रूटच्या बऱ्याच पाकिटांत मुख्य माल एरिथ्रिटॉलच असतो, म्हणून परत तेच, पाकीट उलटं करा.

प्रश्न: साखरेऐवजी गूळ किंवा खजूर आणि बदामाऐवजी नाचणी घेतली तर चालेल ना? बदाम महाग पडतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर: केक होईल, चांगला होईल, पण लो-कार्ब होणार नाही. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, खजुरात १०० ग्रॅमला ७० च्या वर कार्ब्ज, नाचणीतही जवळपास तेवढेच. नाचणी पौष्टिक आहेच, भाकरी जरूर करा, पण डायबिटीसवाल्या माणसाला लो-कार्ब सांगून नाचणी-गुळाचा केक देऊ नका, तो विश्वासाने दोन तुकडे खाईल.

पैसे वाचवायचे असतील तर पीठ घरी करा. बदाम गरम पाण्यात भिजवून सोलायचे, पंख्याखाली पूर्ण वाळवायचे आणि मग तासभर फ्रीजमध्ये ठेवायचे. मिक्सरला लावताना रेसिपीतली कोको पावडर त्यातच घालायची आणि बटण दाबून सोडून, दाबून सोडून फिरवायचं, सलग फिरवलं की तेल सुटतं आणि लगदा होतो. मैद्याच्या चाळणीने चाळा आणि वर राहिलेली भरड परत फिरवा. नारळाचं पीठ स्वस्त पडतं पण ते पाणी फार पितं, बदामाच्या जागी तेवढंच घातलं तर केक विटेसारखा होईल. पाव ते एक तृतीयांशच घ्यावं लागतं आणि अंडी वाढवावी लागतात.

प्रश्न: मुलाने अमेरिकेहून येताना स्लो कुकर आणलाय. इथे पिन बदलून लावला तर चालेल का? आणि मधेच लाईट गेली तर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही, अजिबात लावू नका! तिकडची वस्तू १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. पिनचा अ‍ॅडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, आणि दुपटीच्या आसपास व्होल्टेज गेलं की तार साडेतीन पटीहून जास्त तापते, कुकर जळेलच आणि आगीची भीती वेगळी. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, कुकरच्या तळाला किती वॅट लिहिलंय ते बघून त्याच्या दुप्पट क्षमतेचा.

तोपर्यंत मोदकपात्र काढा. खरंच सांगते, हा केक वाफेवर सुंदर होतो कारण स्लो कुकरमध्येही उष्णता तेवढीच असते. सात इंची डब्यात पीठ ओता, डब्यावर फॉईल घट्ट लावा, मध्यम आचेवर ४०-४५ मिनिटं, खालचं पाणी आटतंय का बघत राहा. इन्स्टंट पॉटच्या (विजेवरच्या प्रेशर कुकरच्या) स्लो कुक मोडवर करणाऱ्यांनाही हेच सांगेन, त्यात उष्णता खालून येते आणि तळ लागतो, त्यापेक्षा डबा आत ठेवून वाफेवर करा.

लाईट गेली तर अर्धा तास झाकण न उघडता थांबा, तेवढं चालतं. त्यापेक्षा जास्त वेळ कच्च्या अंड्याचं पीठ कोमट राहू देऊ नका. ते डब्यात काढा आणि लगेच गॅसवर वाफवून घ्या, फुगेल जरा कमी पण वाया जाणार नाही.

प्रश्न: आमच्या घरात अंडं येत नाही. जवसाच्या पावडरीने होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: चार अंड्यांच्या जागी नुसतं जवस घातलं तर आतून चिकट राहतो आणि कापताना भुगा होतो. मैद्याच्या केकमध्ये अंडं काढलं तरी ग्लुटेन सांभाळून घेतं, इथे सांभाळणारं कुणीच नाही. म्हणून सुरीने कापायच्या केकचा नाद सोडून चमच्याने खायचा गरम केक करा.

पाऊण कप घट्ट दह्यात २ टेबलस्पून जवसाची पावडर आणि १ टेबलस्पून इसबगोल कालवून दहा मिनिटं ठेवा, फुगून घट्टसर होईल. त्यात बदाम, कोको, एरिथ्रिटॉल, मीठ, कॉफी, बटर सगळं वरच्याच प्रमाणात, दूध लागेल तेवढंच. बेकिंग पावडर १ टीस्पून आणि खायचा सोडा अर्धा टीस्पून अगदी शेवटी घाला आणि मग थांबू नका, दह्याबरोबर सोडा लगेच काम सुरू करतो. छोट्या वाट्यांत अर्ध्यापर्यंत भरा, स्लो कुकरमध्ये बोटभर गरम पाणी घेऊन त्यात वाट्या ठेवा, झाकणाला फडकं, आणि इथे हाय वर चालेल कारण मधे पाणी आहे. दीड तासाने बघा. वर बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम घातलं की घरातली लहान मुलंही आवडीने खातात.

प्रश्न: उरलेला केक किती दिवस टिकतो?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर: ओलसर असतो आणि साखर नसते, त्यामुळे बाहेर दुसऱ्या दिवसानंतर ठेवू नका. फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात चार-पाच दिवस, फ्रीझरमध्ये तुकडे वेगवेगळे गुंडाळून महिनाभर. बटरमुळे फ्रीजमध्ये घट्ट होतो, खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा किंवा मायक्रोवेव्हला दहा-पंधरा सेकंद लावा.