डॉप्लर मोजायचाय? आधी सायकल घे

आवाज करणारी वस्तू जवळ येताना तिचा सूर चढा आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो, हा डॉप्लर परिणाम; त्यावरून तिचा वेग काढता येतो. पण गाडीच्या हॉर्नपासून सुरुवात करू नकोस. त्यात बऱ्याचदा दोन सूर एकत्र वाजतात आणि पिच (सुराची उंची) शोधणारा प्रोग्रॅम गोंधळतो. मित्राच्या सायकलला स्पीकर बांध, त्यावर १००० हर्ट्झचा साधा साइन सूर लाव आणि त्याला तुझ्यासमोरून एकाच वेगात जाऊ दे.

प्युअर डेटा या आवाजावर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एडीसी~ (माइकचा आवाज आत घेणारा ऑब्जेक्ट, म्हणजे ठोकळा) ला सिग्मंड~ (पिच शोधणारा ऑब्जेक्ट) जोड. त्यातून निघणारा आकडा हर्ट्झमध्ये नसतो, मिडी नोटमध्ये (सुराला दिलेल्या क्रमांकात) असतो. एमटॉफमधून (मिडी नोटचे हर्ट्झ करणारा ऑब्जेक्ट) काढल्याशिवाय तो सूत्रात घालायचा नाही. (माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या!)

येतानाची वारंवारता फ१, जातानाची फ२:
वेग = ध्वनीचा वेग × (फ१ − फ२) ÷ (फ१ + फ२)

मूळ सूर किती हर्ट्झचा, हे माहीत नसलं तरी चालतं. ३० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धर. सायकल ताशी १८ किमीने गेली तर १००० हर्ट्झच्या सुरात फ१ आणि फ२ मध्ये फरक जेमतेम २९ हर्ट्झ पडतो. दोन्ही आकडे ती लांब असतानाचेच घे, ऐन समोरचे नकोत.

कानानेही पडताळता येतं: येताना सा आणि जाताना खालचा शुद्ध नी ऐकू आला, तर वेग ताशी ३६ किमीच्या आसपास.