स्पेशल एडिशन गिटार घेण्याआधी

मित्रा, तू घ्यायची म्हणतोयस त्या स्पेशल एडिशन गिटारवरचं शिंपल्याचं नक्षीकाम बघून माझाही जीव अडकला. पण पैसे देण्याआधी हातात घेऊन बघ. बाराव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) सगळ्यात जाड तार अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा वर असेल तर आधी सेटअप, म्हणजे तारांची उंची नीट, करून घे, नाहीतर बोटं सोलून महिन्यात सोडशील. नवशिके इथेच फसतात.

टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, सॉलिड (प्लायवूड नाही, अखंड लाकडाची) आहे ना? मग आपला सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेव. कोरड्या हवेत लाकूड आकसतं. माझ्या पहिल्या गिटारला ब्रिजमागे (खाली तारा जिथे अडकवतात त्या पट्टीमागे) केसाएवढी चीर गेली होती, नख फिरवलं की लागायची. वाजवून झाली की गिटार तिच्या पेटीतच (केसमध्ये) ठेव. छिद्रांच्या साबणदाणीत घट्ट पिळलेला ओला स्पंज घालून ती पेटीत ठेवायची, आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी.

ट्यूनर (तारा सुरात लावायचं यंत्र) पहिल्याच दिवशी घे. रोज वीस मिनिटं ई मायनर कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) जी कॉर्डवर जायचा सराव कर. बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने अनेक तारा दाबायचे, एवढ्यात नकोत.