जुन्या केबलवर नवे कॅमेरे चालतील का?

प्रश्न: आमच्या गोडाऊनमध्ये आठ जुने अॅनालॉग कॅमेरे आहेत. माणूस आत आला एवढं कळतं, कोण आला ते काही केल्या कळत नाही. केबल सगळी भिंतीतून आणि फॉल्स सीलिंगवरून नेलीय. कॅमेरेवाला म्हणतो आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) लावा आणि केबल पूर्ण नवीन ओढा. खरंच फोडाफोड करावी लागेल का?

उत्तर: आधी एक बघा, डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंगच्या डब्याच्या) मागे गोल पिळून बसणारी बीएनसी पिन आहे ना? असेल आणि तिच्यामागे कोॲक्स केबलच, म्हणजे डिश टीव्हीला असते तशी गोल केबल असेल (थ्री प्लस वन, म्हणजे सोबत पॉवरच्या तारा असलेली, असली तरी चालेल) तर भिंतीला हात लावायचं कारण नाही. आयपीऐवजी एचडी टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी कॅमेरे घ्या, हे सगळे प्रकार त्याच केबलवरून १०८०पी (फुल एचडी) चित्र आरामात नेतात, चांगल्या केबलवर दोन-अडीचशे मीटरपर्यंत. जुना डीव्हीआर मात्र बदलावाच लागेल, त्याला एचडी सिग्नल समजतच नाही. नवा घेताना हायब्रिड घ्या, म्हणजे जुने कॅमेरेही त्यावर चालतील आणि आठही एकदम बदलायची घाई नको, आधी गेट आणि कॅश काउंटर करा, बाकीचे सावकाश.

पण खरी गोम पॉवरची असते आणि तिथेच लोक फसतात. दिवसा कॅमेरा मस्त चालतो, रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की करंट जास्त खेचतो आणि चित्र थरथरायला लागतं नाहीतर कॅमेरा बंद-चालू होत बसतो, मग सगळे म्हणतात कॅमेराच खराब निघाला! अर्धा चौरस मिलिमीटरच्या चांगल्या तांब्याच्या तारेवरसुद्धा ६० मीटरला अर्धा अँपियर खेचला तर जवळपास २ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे १२ चे १० उरले, आणि स्वस्तातल्या केबलची तार याहून बारीक, वर तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. म्हणून एकच नवा कॅमेरा आणून सगळ्यात लांबच्या पॉइंटवर लावा आणि रात्रभर चालवून बघा. तिथे टिकला तर बाकीच्यांची काळजी नको. नाही टिकला तर त्या कॅमेऱ्याजवळ वेगळा ॲडॉप्टर द्या, केबल तीच राहू दे.

जॉइंट मात्र सगळे नवीन करून घ्या. टेप गुंडाळलेले जॉइंट जुन्या चित्रात खपून जायचे, एचडीत पडदाभर सावल्या दिसतात. मध्ये कुठे जुना ॲम्प्लिफायर असेल तर तोही काढा, एचडीला त्याचा अडथळाच होतो.

आता केबल कॅट ५ किंवा ५ई (नेटवर्कची, आत तारांच्या चार जोड्या असलेली) निघाली आणि दोन्ही टोकांना बलून (कॅमेऱ्याचा सिग्नल तारांच्या जोडीवर चढवणारे छोटे जोड) लावलेले दिसले तर गोष्ट वेगळी. तिथे एका केबलमधून चार-चार कॅमेरे आणलेले असतात, एका जोडीवर एक. आयपी लावायचे तर साधारण एका केबलला एकच कॅमेरा धरा, लांबी १०० मीटरच्या आत आणि मध्ये जोड नको. म्हणजे तिथे तुमचा कॅमेरेवाला अगदीच चुकीचं बोलत नाहीये.

आणि हार्ड डिस्क! हे कुणी आधी सांगतच नाही. सेकंदाला ४ मेगाबिटने (४ एमबीपीएस) एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, आठ झाले की साडेतीनशेच्या जवळ, २ टीबीची डिस्क सहाव्या दिवशी जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावरच लिहायला लागते. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवणारी पद्धत) वाला डीव्हीआर घ्या, बरीच जागा वाचेल, आणि किती दिवसांचं रेकॉर्डिंग हवंय ते ठरवूनच डिस्क घ्या.