सातव्या महिन्यात व्हायवॅक्स मलेरिया झाला, तो बाळाला जाईल का?

काकू, तुमचे प्रश्न वाचले. आधी इतरांसाठी थोडक्यात सांगतो. काकू फोंड्याच्या. सुनेला सातवा महिना चालू आहे. ताप आला म्हणून रक्ताची काच केली, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर व्हायवॅक्स या जातीच्या जंतूचा मलेरिया निघाला. तीन दिवस क्लोरोक्विन दिलं, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "१४ दिवसांची दुसरी गोळी आता द्यायची नाही, बाळंतपणानंतर बघू." चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सून बाळंतपणाला सावंतवाडीला माहेरी जाणार. काकूंना भीती अशी, की औषध अर्धवटच राहिलं, बाळ मलेरिया घेऊनच जन्माला येईल, आणि मग अंगावर पाजायचं की नाही.

मी डॉक्टर नव्हे. गोव्यात आरोग्य खात्याच्या लॅबमध्ये मलेरियाच्या काचा बघण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे औषधाचे डोस मला विचारू नका. पण जंतू कुठे लपतो आणि रिपोर्टात का सापडत नाही, हे सांगू शकतो.

तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. क्लोरोक्विन गरोदरपणात पहिल्या महिन्यापासून चालतं. ती १४ दिवसांची गोळी म्हणजे प्रायमाक्विन. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्या रक्तात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. आईची तपासणी करता येईल, पण पोटातल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे कसं कळणार? म्हणून गरोदर बाईला प्रायमाक्विन देतच नाहीत.

पण काकू, तुमची शंका अगदीच चुकीची नाही. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं, या झोपलेल्यांना हातही लावत नाही. त्यांना मारतं ते प्रायमाक्विनच, आणि ते तर थांबवलंय. आता तारखांचा हिशेब करा. क्लोरोक्विनचा अंश रक्तात काही आठवडे राहतो. तोवर यकृतातून जंतू बाहेर पडले तरी मरतात. तो अंश ओसरला की ताप उलटू शकतो, म्हणजे तोच मलेरिया पुन्हा वर येऊ शकतो, आणि तुमच्या सुनेच्या बाबतीत तो काळ नेमका दिवस भरत येण्याचा आहे. तेव्हा ती सावंतवाडीला असेल. तिथल्या डॉक्टरांनी तिला आधी पाहिलेलं नसेल.

मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. गोव्यात मलेरिया आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत तो पसरला, पुढे कांदोळीच्या बाजूला बांधकामांबरोबर वाढला, तेव्हा पावसाळ्यात आमच्या टेबलावर काचांचे ढीग असायचे. कुणाला ताप आला की पहिला संशय मलेरियाचा. आता ताप म्हटलं की आधी डेंगी तपासतात. रोग कमी झाला ही चांगलीच गोष्ट, पण त्याची आठवणही कमी झाली. नऊ महिने भरलेल्या बाईला ताप आला तर लघवीचा संसर्ग बघतील, फ्लू म्हणतील. सातव्या महिन्यातला व्हायवॅक्स कुणी सांगितलाच नाही, तर काच होणारच नाही.

म्हणून तिच्या फाइलीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: कोणत्या तारखेला व्हायवॅक्स निघाला, क्लोरोक्विन कधी सुरू होऊन कधी संपलं, प्रायमाक्विन दिलेलं नाही. काचेच्या रिपोर्टची प्रत जोडा. विहीणबाईंनाही तोंडी सांगून ठेवा, कारण घाईत फाइल घरी राहते. बाळंतपणापर्यंत दर आठवड्याला क्लोरोक्विन देऊन उलटणारा ताप दाबून ठेवण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तो सुनेला लागू आहे का, हे आताच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. मनाने गोळ्या सुरू करू नका.

आता बाळाचं. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मधे वार (प्लासेंटा) असते. ती बऱ्यापैकी राखण करते. जंतू पलीकडे जातात ते बहुधा प्रसूतीच्या वेळी, कळांच्या जोरात वारेला बारीक इजा होऊन आईचं थोडं रक्त बाळाकडे जातं तेव्हा. तरीही बहुतेक बाळांना काही होत नाही. आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं आणि बाळाच्या रक्तातलं वेगळ्या जातीचं हिमोग्लोबिन जंतूला वाढू देत नाही. त्यात प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात जंतूच नसतील, तर जायचा प्रश्नच कमी. म्हणजे सातव्या महिन्यातला, औषध होऊन गेलेला ताप हा मोठा धोका नव्हे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर त्याच दिवशी काच करायची.

आणि काच म्हणजे काचच. रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसीच्या मशीनवर विसंबून चालत नाही. प्लेटलेट कमी दिसल्या तर संशय घेता येतो, एवढंच. झटपट किट चांगलं आहे, पण जंतू थोडे असले तर व्हायवॅक्सची रेघ उमटत नाही. जाड थेंबाची काच, नीट रंगवलेली, घाई न करता बघितलेली, ती खरी. एक काच निगेटिव्ह आली आणि ताप टिकून आहे, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

प्रसूतीनंतर बाळाच्या टाचेतून एक थेंब घेऊन काच करता येते. जरूर विचारा. पण ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. आईकडून आलेला मलेरिया जन्मतः क्वचितच दिसतो, बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात डोकं वर काढतो, कधी त्याहून उशिरा. तोवर बारसं झालेलं असतं. तान्ह्याला थंडी वाजून हुडहुडी भरत नाही. बाळ दूध नीट ओढत नाही, मलूल पडतं, फिकट दिसतं, डोळे-अंग पिवळं होतं, डॉक्टरांनी पोट चाचपलं तर पानथरी (वाढलेली प्लीहा) लागते. ताप असतो, नसतोही. हे सगळं रक्तात जंतुसंसर्ग झाल्यासारखंच दिसतं, म्हणून प्रतिजैविकं सुरू होतात, आणि ती सुरू करणं योग्यच. त्यांनी फरक पडला नाही की मग कुणाला तरी मलेरिया आठवतो. तुम्ही पहिल्याच दिवशी "आईला सातव्या महिन्यात व्हायवॅक्स होता" एवढं वाक्य सांगितलंत, तर ते मधले दिवस वाचतात. पहिले दोन-तीन महिने बाळाला कुठेही दाखवायला नेलं तरी हे वाक्य सांगायचं. आणि पिवळं झालंय म्हणून काविळीचं गावठी औषध, माळ, मंत्र यात एक दिवसही घालवू नका.

समजा झालाच, तर औषध आहे. बाळाच्या वजनावर मोजून क्लोरोक्विन देतात. इथे एक समाधानाची गोष्ट आहे. बाळाला आईकडून मिळतात ते रक्तातले जंतू. यकृतात झोपणारा प्रकार फक्त डासाच्या चाव्यातून येतो. म्हणून अशा बाळाला प्रायमाक्विन लागतच नाही आणि रोग उलटत नाही.

अंगावर खुशाल पाजा. दुधातून मलेरिया जात नाही. क्लोरोक्विन दुधात उतरतं ते इतकं थोडं, की बाळाला बाधत नाही, पण त्याने बाळाचं मलेरियापासून रक्षणही होत नाही. सुनेचं प्रायमाक्विन मात्र बाळंत झाल्या झाल्या सुरू करता येत नाही. अगदी लहान बाळ अंगावर पीत असताना ते टाळायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; नेमकं कधीपर्यंत, ते डॉक्टरांना विचारा. तेव्हा आधी सुनेची जी-सिक्स-पीडी तपासणी आणि मग गोळी, हे काम पुढच्या वर्षाच्या खात्यावर आहे. बाळाच्या कौतुकात हे हमखास विसरतं, म्हणून आताच कुठेतरी लिहून ठेवा.

खाली एकांनी विचारलंय की आफ्रिकेत गरोदर बायकांना मलेरिया होऊ नये म्हणून ठरावीक काळाने गोळ्या देतात, मग इथे का नाही. ती सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची पद्धत मलेरिया भरपूर असलेल्या भागांसाठी, मुख्यतः फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या, जास्त घातक जातीसाठी आहे. भारताच्या कार्यक्रमात ती नाही. फाल्सिपेरम हे वेगळंच प्रकरण. त्याचे जंतू वारेत चिकटून बसतात, बोटातल्या रक्तात कमी दिसतात, आणि बाळाचं वजन घटतं, आईचा जीवही जाऊ शकतो. गरोदर बाईला फाल्सिपेरम निघाला तर घरी थांबायचं नाही, थेट जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

घराकडे वळतो. शहरी मलेरियाचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: गच्चीवरच्या टाकीत, जमिनीखालच्या टाकीत (संपमध्ये), बांधकामावर स्लॅब भिजत ठेवतात त्या पाण्यात. तुमच्या शेजारी इमारत उठतेय असं तुम्ही लिहिलंय, तर आरोग्य केंद्रात सांगून तिथल्या कामगारांच्या काचा करून घ्या. हा डास संध्याकाळनंतर चावतो. बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात, तिच्या भरवशावर राहू नका. बाळ आणि आई दोघंही मच्छरदाणीत, सावंतवाडीलाही.

सुनेचं हिमोग्लोबिन किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. व्हायवॅक्सनंतर ते उतरतं आणि सातव्या महिन्यात ते परवडत नाही. आकडा कळवा. लोहाच्या गोळ्या चालू आहेत का तेही सांगा.