बंद शाळेच्या खोलीत संग्रहालय करताय? आधी ताब्याचा कागद हातात घ्या

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि हात शिवशिवले म्हणून लिहितोय, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यांचं गाव घाटमाथ्यावर, जुनी शाळेची खोली रिकामी पडलीय, गावातल्या पोरांनी जाती, उखळं, इरली, एक कणगी, मापं, मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) असं गोळा केलंय, ऑफिसातले साहेब "तुम्ही सुरू करा, पत्र मागनं देतो" म्हणालेत, आणि यांचा प्रश्न आहे की काचेची कपाटं कुठली घ्यायची, लाईट पिवळी की पांढरी, आणि देवळामागचे दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड) आत आणून उभे कसे करायचे.

काच आणि लाईट सोडा हो. तुमच्या पोस्टमधलं मला दिसलेलं एकच वाक्य म्हणजे "पत्र मागनं देतो". समिती, ग्रामसभेचा ठराव, वस्तूंचं रजिस्टर हे तुम्ही करणारच, त्यावर मी बोलत नाही.

आमचं गाव कोयनेच्या बाजूचं. आम्हालाही अशीच खोली मिळाली होती, दोन वर्ग आणि पुढं व्हरांडा, पोरं नव्या इमारतीत गेलेली. ग्रामसभेत ठराव झाला, एकमताने, टाळ्या वाजल्या. एका कार्यालयात (नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही, माणसं बदलली आणि खुर्ची तशीच आहे) ठरावाची प्रत दिली, तिथं सांगितलं वापरायला लागा, पत्र निघेल. आम्ही लागलो. बायकांनी खोली सारवली, रंग दिला, वस्तू आल्या, आजूबाजूच्या वाड्यांतनं लोक बघायला यायला लागले. पत्र काही निघालं नाही. विचारायला गेलं की फाईल या टेबलवरनं त्या टेबलवर. जागा एकाची, इमारत दुसऱ्याची, मागं कधीतरी झालेल्या दुरुस्तीचा निधी तिसऱ्याचा, आणि तिघांपैकी कुणीच नाही म्हणत नव्हतं, हीच तर गंमत. नाही म्हणाले असते तर आम्ही दुसरी जागा बघितली असती.

मग ती खोली धोकादायक इमारतींच्या यादीत गेली, निर्लेखनाला. म्हणजे पाडायची, कौलं-वासे लिलावात काढायचे. कागदोपत्री खोली रिकामी होती ना, आत संग्रहालय आहे हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आणि खाली करा हा निरोप कधी यावा, तर ऐन आषाढात. ज्यांनी घाटमाथ्यावरचा आषाढ बघितलाय त्यांना सांगायला नको. मुदत मागायला गेलो तर तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं की आमच्या रेकॉर्डला खोली रिकामी आहे, मग आतलं सामान तुमचंच कशावरून? पुरावा आणा. आता जात्याची पावती कुठनं आणायची? पंचनाम्यात आमच्या सगळ्या वस्तूंपुढं एकच शेरा, "निरुपयोगी साहित्य". तो कागद मी अजून जपून ठेवलाय, संग्रहालयात लावायच्या लायकीचा आहे.

सामान गोठ्यांत, पडव्यांत, कुणाच्या माळ्यावर गेलं. कणगीला बुरशी आली, घोंगड्यांना कसर लागली, पण ते एक वेळ चाललं असतं. खरं नुकसान वेगळंच झालं. प्रत्येक वस्तूला डिंकानं चिठ्ठी लावलेली, कुणाच्या घरची, किती पिढ्यांची, ती सगळी ओलीनं सुटली आणि शाई पसरली. तीन जाती शेजारी शेजारी ठेवलेली, सारख्याच काळ्या दगडाची, सारख्याच मापाची. कुणाचं कुठलं? शेवटी एका म्हातारीला आणलं, तिनं वरच्या तळीच्या तोंडात, जिथं दाणे ओततात तिथं, बोटं फिरवली आणि एका जात्यावर थांबली. तोंडाच्या कडेला बोटाच्या पेराएवढा टवका गेलेला होता, तो ती सासरी आली त्याच वर्षी मुसळ पडून उडालेला. एक जातं सापडलं. बाकीची दोन आजही नुसती "जाती" आहेत, तशी तर कुठल्याही रिसॉर्टच्या लॉनवर असतात.

तर आता तुमच्यासाठी. मी वकील नाही, नियम बदलत असतात, जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत वेगळी असते, तेव्हा जाणकाराला विचारून घ्या. पण माझ्या मते पहिलं काम म्हणजे ग्रामपंचायतीतनं नमुना नंबर ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा, उतारा काढायचा आणि ती इमारत कुणाच्या नावे आहे ते डोळ्यांनी बघायचं. ज्याच्या हातात चावी असते तो मालक असतोच असं नाही. ग्रामसभेचा ठराव लागतोच, पण ठराव म्हणजे ताबा नव्हे. ज्याची इमारत त्याच्या सहीचं, जावक क्रमांक असलेलं पत्र पाहिजे, त्यात वापर "संग्रहालय" असा स्पष्ट शब्द पाहिजे, किती वर्षांसाठी ते पाहिजे, आणि खोली परत घ्यायची असेल तर किती आधी कळवणार ते पाहिजे. मी तर म्हणेन पावसाळ्याचे चार महिने खाली करायला लावणार नाही हेही घाला, हसतील, हसू देत. वीजमीटर कुणाच्या नावे, कौलं कोण फिरवणार, हे पण त्यातच.

पत्र कुणाच्या नावे घ्यायचं हा पुढचा घोळ. "समस्त ग्रामस्थ" किंवा "तरुण मंडळ" असल्या नावाला कुठलं ऑफिस धड पत्र देत नाही. संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं लागतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात काम होतं. सातात दोन तरी बाया ठेवा, नावापुरत्या नाही, कारण निम्म्या वस्तू त्यांच्या आहेत आणि त्यांनाच त्या कळतात. पुढं सरकारी अनुदानाचा विचार असेल तरी नोंदणीशिवाय दारात उभं करत नाहीत.

दुसरा कागद वस्तू देणाऱ्याबरोबरचा. दान की ठेवायला दिलंय, दोनच पर्याय, आणि सही किंवा अंगठा. लोकं म्हणतात गावात कशाला कागद, विश्वासावर चालतं. चालतं, देणारा आहे तोवर. त्याचा मुंबईचा मुलगा येऊन "आमच्या आजोबांचा तो पितळी हंडा कुठाय" म्हणतो तेव्हा विश्वास कुठल्या कपाटात ठेवलाय ते सापडत नाही. आणि चिठ्ठ्या चिकटवू नका. कापडाला फितीवर नंबर लिहून ती फीत टाक्यांनी शिवायची, लाकडाला-बांबूला सुती दोऱ्यानं पट्टी बांधायची, पट्टीवर पेन्सिलीनं लिहायचं, पेन्सिल पाण्यानं जात नाही. नंबर वस्तूवर, माहिती रजिस्टरात, रजिस्टरचे फोटो किमान दोन वेगळ्या घरांतल्या फोनमध्ये. एवढं असतं तर आमची ती दोन जाती आज कुणाची तरी असती.

वीरगळांचं म्हणाल तर हात लावू नका. खरंच. एक तर ते कुणाच्या तरी पूजेत असतात, आणि दुसरं, वीरगळाचा अर्थ तो उभा आहे त्या जागेसकट असतो. खालच्या चौकटीत लढाई, त्याच्या वर अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्रसूर्य, हे वाचणं सोपं आहे, फोटोवरनं पण वाचता येतं. पण तो खिंडीच्या तोंडाशी का उभा आहे हे खोलीत आणल्यावर कुणाला कळणार? शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर, आणि दगडाच्या-धातूच्या मूर्ती, लाकडी कोरीवकाम, चित्रं अशा प्रकारांना नोंदणी लागते. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला साधं पत्र टाका, फोटो जोडा, जागेवरच नोंद होऊ द्या. ऊन-पावसाला छोटी शेड करायची तर तीही विचारून. आणि कुणी उत्साहानं ऑइल पेंट मारायला निघालं तर त्याला दुसरं काहीतरी काम द्या.

शेतात, पाया खणताना नाणी-हंडा सापडला तर तो "संग्रहालयाला दिला" असं होत नाही बरं का. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरांना कळवावं लागतं. दहा रुपये, म्हणजे सगळंच आलं. तलवारी-बंदुका कुणी आणून दिल्या तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, मग भिंतीवर लावायचं बघू. गडावरनं तोफगोळे उचलून आणणाऱ्या ट्रेकर मित्रांना तर दारातनंच परत पाठवा.

मोडी रुमालांबद्दल दोन शब्द. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. दोन्ही परत काढता येत नाही, चिकटपणा कागद खातो. रुमाल सोडला की कागद ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं ठेवा, वेगळे करून "चांगले चांगले" बाजूला काढू नका, कारण कुठला कागद कुणाशेजारी होता यावरनं वाचणाऱ्याला बरंच कळतं. खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न मारता फोटो काढा. वाचायला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासनं हेच काम चाललंय, मोडीचे वर्ग पण होतात, गावातलं एखादं पोरगं पाठवा. ओले झालेले कागद उन्हात टाकायचे नाहीत, सावलीत, वाऱ्यावर. सिलिका जेल घट्ट झाकणाच्या डब्यातच चालते, उघड्या कपाटात ठेवून ती अख्ख्या सह्याद्रीचा दमटपणा ओढायला बसते. कपाट भिंतीला टेकवू नका, मागं हात जाईल एवढी जागा ठेवा. आणि पितळ चिंचेनं घासून चकचकीत करण्याचा मोह आवरा, आम्हाला बायकांशी या विषयावर भांडावं लागलं आणि आम्ही हरलो.

आता माझं खरं मत, पटलं तर घ्या. खोली मिळाली नाही तरी चालेल. आम्ही त्या पावसाळ्यानंतर परत खोली मागितलीच नाही. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी ठेवल्या, फक्त रजिस्टर एक. कुठल्या घरात काय आहे, कुणी वापरलं, कधी बंद झालं. जत्रेला देवळाच्या मंडपात सगळं मांडतो, ज्याची वस्तू तोच शेजारी बसतो आणि सांगतो, संध्याकाळी घरी घेऊन जातो. चोरीची भीती कमी, वीजबिल नाही, आणि पायली-शेराची मापं बघून म्हातारे आपोआप बोलायला लागतात, दोन चिपट्यांचं एक मापटं, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, मग कुणाकडं किती खंड्या भात व्हायचं, मग कुणाची जमीन धरणात गेली, अशी गाडी पुढं जाते. त्या वेळी रेकॉर्डर चालू ठेवा. आमच्याकडं लोकांना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाबद्दल नुसतं "काय झालं" विचारलं तर दोन वाक्यांत संपवतात, "घरातनं काय घेऊन बाहेर पळालात" विचारलं की तासभर बोलतात. धरणात गाव गेलेल्यांनाही तेच विचारा, उठताना काय उचललं आणि काय तिथंच राहिलं. तुमच्या खोऱ्यातनं धरणामुळे जी माणसं दुसऱ्या जिल्ह्यात गेली असतील त्यांच्यापर्यंत जा, कारण तुमच्या गावचं अर्धं सामान त्यांच्या माळ्यावर आहे.

ओव्यांचं तर विचारूच नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोन संशोधकांच्या पुढाकारातनं महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्यात, आता त्यातल्या बऱ्याच ऑनलाईन ऐकता येतात. आपल्याकडच्या बाया तेच जातं ओढताना काय म्हणायच्या ते रेकॉर्ड केल्याशिवाय नुसतं जातं ठेवून काय दाखवणार? मात्र गाणाऱ्या बाईला विचारून, आणि तिचं नाव लावायचं की नाही तेही तीच ठरवणार. काही ओव्या सासूबद्दल असतात आणि सासू समोरच्या घरात असते.

तुमच्या गावात उद्घाटनाचा आणि कोनशिलेचा दबाव येईल, कुणाचा तरी निधी येईल आणि त्यातनं आधी चकचकीत फरशी बसेल. फरशीवर पहिल्याच पावसात पाणी सुटतं, दगडी वस्तूंचे पाय ओले राहतात. मातीची जमीन असेल तर ती तशीच ठेवा, वस्तू लाकडी फळ्यांवर चढवा. हे जाता जाता.

आणि लाईटचं उत्तर राहिलंच: साधा एलईडी, कागदावर आणि कापडावर थेट पडणार नाही असा, माणूस आत असेल तेव्हाच चालू. काचेची कपाटं यंदा घेऊच नका, हवा कोंडते.

उद्या ग्रामपंचायत उघडी असेल तर नमुना ८ काढा आणि इमारतीपुढं कुणाचं नाव लागलंय ते इथं टाका (उतारा टाकू नका, त्यावर इतरांची नावं असतात, नुसतं "पंचायत", "जिल्हा परिषद" की आणखी कुणी तेवढं सांगा). त्यावरनं अर्ज कुणाच्या नावे करायचा ते सांगतो, आमच्या अर्जाचा मसुदा पण देतो. साहेबांना भेटायला जाल तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर ठेवून येऊ नका.