स्वीडिशमध्ये 'प्लीज' कसं म्हणायचं?

सगळीकडे चालेल असा एकच शब्द नाही. कॅफेत ऑर्डर देताना शेवटी 'तक' लावा: 'एन कफ्फे, तक'. तक म्हणजे एरवी थँक्यू, पण इथे तेच प्लीजचं काम करतं. कुणाला काही करायला सांगायचं असेल तर सरळ विचारा, 'कन दू...?', म्हणजे 'करशील का?' एवढं पुरेसं सभ्य आहे. अनोळखी माणसालाही 'दू'च म्हणा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथलं अहो-जाहो जवळजवळ संपलंच.

'स्नेल्ला' मात्र जपून वापरा. शब्दकोशात प्लीजसमोर तो हमखास दिसतो, पण त्यात गयावया असते. आइस्क्रीमसाठी मागे लागलेलं पोर 'स्नेल्ला मम्मा!' म्हणतं, तसं. आणि वस्तू हातात देताना 'वाशोगू' म्हणा. तक म्हणणाऱ्याला उत्तर म्हणूनही तेच चालतं.