चार गाड्या, एक शटर

दुचाकी ठेवण्याच्या जागेबद्दल कुणी विचारत नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. वर्कशॉपमध्ये लोक येतात ते तुटलेला क्लच लिव्हर, चेपलेली टाकी, वाकलेलं फूटरेस्ट घेऊन. कुठं पडली असं विचारलं की निम्म्या वेळा उत्तर येतं, 'घरातच, बाहेर काढताना.' म्हणून या वेळी या एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

आमचं गॅरेज १० फूट रुंद, १२ फूट खोल. शटर ८ फुटांचं, उजव्या भिंतीला लागून. आत बुलेट, भावाची स्प्लेंडर, वहिनीची ॲक्टिव्हा आणि बाबांची जुनी आरएक्स १००. रोज सकाळी ॲक्टिव्हा काढायला दोन गाड्या अंगणात आणाव्या लागतात. जागा वाढवता येणार नाही. काय करावं? (कुडचडे)

जागा पुरेशी आहे, मांडणी चुकते आहे. तुम्ही चारही गाड्या तोंड आत करून लावत असणार, कारण आपण चालवत येतो तसेच आत शिरतो. गाडीचा सगळ्यात रुंद भाग म्हणजे हँडल. बुलेटचं हँडल साधारण २ फूट ७ इंच, बाकीच्यांचं २ फूट ४-५ इंच. चार हँडलं एका रेषेत आली की पावणेदहा फूट तिथंच गेले. मग माणसानं उभं कुठं राहायचं?

एक गाडी तोंड आत, दुसरी तोंड बाहेर अशी लावा. गाडी मागच्या बाजूला दीड फुटाच्या आसपासच असते, त्यामुळे एकीचं हँडल दुसरीच्या शेपटीशेजारी बसतं. प्रत्येक जोडीमागे सुमारे अर्धा फूट वाचतो. चार गाड्यांत शेजार-शेजारच्या तीन जोड्या, म्हणजे दीड फुटाची वाट मोकळी झाली. आरसे आत वळवले तर आणखी चार बोटं मिळतात. बुलेटला लेगगार्ड असेल तर तो मात्र वेगळा मोजा, कारण पायाच्या नडगीला तोच लागतो.

कुठल्या गाडीचं तोंड कुठं, हे वजनावर ठरवा. बुलेट १९५ किलोची, ती मागे ओढत काढण्यात कंबर जाते. तिचं तोंड बाहेर. स्प्लेंडर ११२ किलोची, आरएक्स शंभरेक किलोची, त्या मागे ओढता येतात. त्यांचं तोंड आत. ॲक्टिव्हाचं तोंड बाहेर, म्हणजे वहिनींना बसून सरळ निघता येईल.

आता क्रम. डाव्या कोपऱ्यात, जिथं शटर नाही नुसती भिंत आहे, तिथं आरएक्स. १९९६ साली ती बनायची थांबली, बाबा तिला रविवारी चालवत असतील. ती बुलेट बाहेर गेलेली असतानाच काढायची, असा घरात नियम करा. तिच्या शेजारी बुलेट, मग स्प्लेंडर, मग वाचलेली दीड फुटाची वाट आणि उजव्या भिंतीशी ॲक्टिव्हा. वाट रोजच्या गाडीशेजारीच हवी. चारही गाड्या मेन स्टँडवर लावा, साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि कललेली गाडी जास्त जागा खाते.

हे एका रविवारी करून बघा. आधी सगळ्या गाड्या अंगणात काढा, रिकाम्या जमिनीवर खडूनं रेघा मारा, एकेक गाडी आत घेऊन मनासारखं जमलं की प्रत्येक पुढच्या चाकाखाली ऑइलपेंटचा पट्टा ओढा. हँडल भिंतीला जिथं टेकतं तिथं जुन्या ट्यूबची पट्टी ठोका. पट्टा नसेल तर पंधरा दिवसांत सगळं पूर्वीसारखं होतं, हे मी माझ्याच घरी पाहिलं आहे.

नवऱ्याची बुलेट माझ्या स्कूटरच्या वाटेत असते. ते कामावर पायलटच्या गाडीनं, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीनं जातात, बुलेट घरीच. माझी उंची ५ फूट. बुलेट दोनदा माझ्याकडून कलली, एकदा पडली. मला ती हलवता येईल का, की नाद सोडू? (डिचोली)

ताई, येईल. यात ताकदीपेक्षा उभं राहण्याची पद्धत महत्त्वाची. माझ्याकडे कामाला येणारी कोवळी पोरं मी याच पद्धतीनं तयार केली आहेत.

आधी किल्ली लावून हँडल लॉक काढा. न्यूट्रल आहे का ते गाडी वीतभर पुढेमागे करून बघा, नुसत्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. गाडीच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. डाव्या हातात डावी मूठ, उजवा हात उजव्या मुठीवर, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. आता तुमचं कंबरेचं हाड सीटच्या पुढच्या टोकाला, टाकी जिथं संपते तिथं, टेकवा. गाडी किंचित तुमच्याकडे कललेली असू दे. हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तुमच्याकडे कललेली गाडी कंबर धरून ठेवते, पलीकडे कललेली गाडी कुणाच्याही हातात राहत नाही. तुमच्याकडून कलली ती बहुधा पलीकडे कलली असणार.

साइड स्टँड बाहेर काढलेलाच ठेवा. वाटेत दम लागला तर गाडी त्यावर टेकवता येते. पावलं वीतभर. ब्रेक दाबताना हँडल सरळ हवं. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला बसते, आणि घरात पडलेल्या बऱ्याच गाड्या अशाच पडतात.

मेन स्टँडसाठी एक फळी लागेल. पाऊण इंच जाडीचा प्लायचा तुकडा, हातभर लांब. मागचं चाक त्यावर चढवा, मग उजव्या पायानं स्टँडचा दांडा खाली दाबा. स्टँडचे दोन्ही पाय एकदमच जमिनीला टेकलेत हे तळपायाला कळतं. ते कळलं की त्या पायावर सरळ उभ्या राहा, पायरी चढल्यासारखं. गाडी हातांनी वर ओढायची नाही. चाक आधीच पाऊण इंच वर असल्यानं गाडी स्वतःच मागे जाऊन बसते. पहिले चार दिवस नवऱ्याला पलीकडच्या बाजूला नुसतं उभं राहायला सांगा, हात न लावता.

पडलीच तर घाईनं उचलू नका. आधी किल्ली बंद. उजव्या कुशीवर पडली असेल तर पडलेली असतानाच साइड स्टँड उघडा आणि गियर टाका. मग सीटला पाठ लावून खाली बसा, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांड्याला, आणि मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावलांनी मागे सरकत उठा. कंबरेतून वाकून उचलणं कधीही नाही.

आणि नवऱ्याला हा मजकूर वाचायला द्या. रोज निघणारी गाडी पुढे, घरी राहणारी मागे, हे त्यांनी रात्रीच करायचं काम आहे.

मांद्र्याला भाड्याच्या सात गाड्या आहेत, पाच स्कूटर, दोन बाईक. पावसाळ्यात धंदा बंद, सगळ्या पत्र्याच्या शेडमध्ये. ऑक्टोबरात काढतो तेव्हा दोन सुरू होत नाहीत, सीटवर बुरशी, साखळ्या लाल. ताडपत्री घालूनही. (पेडणे)

ताडपत्री घालून'ही' नाही, ताडपत्री घातल्यामुळे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. वर मांद्र्याची खारी हवा. अंगाला चिकटलेल्या प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि गाडी आतून घामेजते. ताडपत्री शेडच्या पश्चिमेच्या उघड्या बाजूला बांधा, गाडीपासून हातभर लांब. गाडीवर जुनी सुती चादर टाका, ती धूळ अडवते आणि वारा सोडते.

चिऱ्याची भिंत पाणी पिते. पावसाळ्यात तिला हात लावून बघा. गाडी भिंतीला टेकवू नका, एक फूट सोडा. पागोळ्यांचं पाणी आत उडतं त्या कडेला विटांची एक ओळ लावा.

सातही गाड्या चार महिने बसूनच राहणार म्हणून दाटीनं लावायला हरकत नाही, पण एक चूक टाळा. माझ्या वर्कशॉपमध्ये एका जुलैत सहा गाड्या ओळीनं साइड स्टँडवर उभ्या होत्या. पोरानं सगळ्यात डावीकडची सरळ केली, ओल्या लादीवर त्याचा पाय घसरला आणि गाडी स्टँडच्या उलट बाजूला, उजवीकडे गेली. त्या बाजूला कुणालाच आधार नसतो. एकामागून एक सहाही आडव्या झाल्या. चार ब्रेक लिव्हर, पाच आरसे आणि एका गिऱ्हाइकाची नुकतीच रंगवलेली टाकी मी भरून दिली. पोराचा पाय वाचला, त्या दिवशी तेवढंच मोठं होतं. तेव्हापासून दाटीत ठेवलेली प्रत्येक गाडी मेन स्टँडवर. एखादीला मेन स्टँड नसेल तर तिच्या दोन्ही बाजूंना मेन स्टँडवरच्या गाड्या, खांबासारख्या.

सुरू न होण्याचं कारण पेट्रोल आणि बॅटरी. आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. अर्धी रिकामी लोखंडी टाकी आतून गंजते, म्हणून ठेवताना टाक्या भरून ठेवा. कार्ब्युरेटरची गाडी असेल आणि तिला पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) असेल तर कॉक बंद करून, शेडबाहेर, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. बॅटरीची आधी काळी वायर काढा, मग लाल. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. महिन्यातून एकदा मोजा, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा.

'आठवड्यातून दोन मिनिटं स्टार्ट करून ठेवतो' असं बरेच जण अभिमानानं सांगतात. कृपा करून करू नका. दोन मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, त्यात पाणी साठतं, आणि स्टार्टरनं खाल्लेला करंट बॅटरीला परत मिळत नाही. उघडीप बघून वीस मिनिटं चालवून आणा, नाहीतर हात लावू नका.

साखळी रॉकेलच्या फडक्यानं पुसून, वाळवून, मग तेल. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा घाला आणि त्याच गाडीच्या किल्लीला लाल चिंधी बांधा, म्हणजे ऑक्टोबरात बोळा विसरून कुणी किक मारणार नाही.

चाकांची ट्रॉली करून घेतली तर गाडी जागच्या जागी फिरवता येते असं ऐकलं. घ्यावी का? (मडगाव)

जमीन सपाट आणि गुळगुळीत असेल तर घ्या. जाड चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा), गाडीपेक्षा थोडी लांब, खाली सगळीकडे फिरणारी कॅस्टर चाकं, त्यातल्या निदान दोघांना लॉक. मेन स्टँड टेकतो तिथं प्लेटखाली अँगल वेल्ड करायला सांगा, सगळं वजन तिथंच येतं. प्लेट जमिनीपासून जितकी खाली तितकं बरं, उंच ट्रॉलीवर गाडी चढवतानाच पडते. लाद्यांच्या सांध्यात चाक अडकत असेल किंवा जमिनीला जराही उतार असेल तर पैसे वाया घालवू नका. साइड स्टँडवर गाडी तोलून गरगर फिरवणारे मी पाहतो. हलक्या गाडीला क्वचित चालेल, बुलेटला नाही, स्टँडचा कान वाकतो.

दर वेळी हॉटमिक्स डांबरीकरण होऊन रस्ता वर आला, घर खाली राहिलं. गॅरेज आता रस्त्यापेक्षा दीड फूट खाली. चार फुटांचा उतार आहे, पावसात गाडी घसरते. (म्हापसा)

दीड फुटाला चार फूट हा उतार नव्हे, घसरगुंडी आहे. निदान नऊ फूट लांबी द्या, अंगण असेल तर बारा. सिमेंट ओलं असताना झाडूनं आडव्या रेघा ओढायला सांगा आणि पायथ्याशी आडवं गटार करून त्यावर जाळी टाका, नाहीतर रस्त्याचं पाणी थेट गॅरेजात. वरची कड गोल करून घ्या, नाहीतर स्कूटरचं पोट घासतं. शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर टाकून ब्रशनं घासा, दर पंधरा दिवसांनी.

तुमच्याकडे गाड्या नेहमी तोंड रस्त्याकडे करूनच ठेवायला हव्यात. तोंड आत करून उतरवलेली गाडी मागे ओढत चढवणं दोन माणसांनाही जड जातं. गाडी मागे मागे उतरवताना घाबरायला होतं, कारण पुढचं चाक वर असतं, त्यावर वजन कमी येतं आणि पुढचा ब्रेक लावला तर ते नुसतं घसरतं. गियरच्या गाडीत इंजिन बंद करा, पहिला गियर टाका आणि क्लचनं उतरा. क्लच जरा दाबला की गाडी खाली येते, सोडला की मागचं चाक थांबतं. इंच इंच उतरता येतं. स्कूटरला डाव्या लिव्हरचा मागचा ब्रेक आहेच.

नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पेट्रोलच्या दोन गाड्यांशेजारी चार्ज करू का? तिथंच जास्तीचा सिलिंडर असतो. (साखळी)

सिलिंडर आजच बाहेर काढा. चार्जिंगला वेगळी वायर, कंपनीनं सांगितलेल्या अँपियरचा पक्का सॉकेट आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. एक्स्टेंशन बोर्ड नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, म्हणून सॉकेट कमरेच्या वर आणि भिंतीच्या तळाशी जाळीचं भोक, खिडकी वर असली तरीही. पेट्रोलचा वास येत असेल त्या दिवशी चार्जिंग लावू नका, आधी गळती शोधा. जुन्या गाडीत ती बहुधा कॉकच्या वायसरपाशीच सापडेल.